आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी : कुंभकोणमची आग आणि हायड्रंटचा विसरलेला अर्धा इतिहास

१६ जुलै २००४, शुक्रवार. तमिळनाडूतील तंजावर जिल्ह्यातल्या कुंभकोणम या गावी सकाळची शाळा भरली होती. श्रीकृष्ण अनुदानित प्राथमिक शाळेच्या इमारतीत माध्यान्ह भोजन शिजवले जात होते. स्वयंपाकघरावर नारळाच्या झावळ्यांचे छप्पर होते आणि वरच्या मजल्यावरील वर्गांवरही तसेच छप्पर होते. चुलीची आग प्रथम खालच्या झावळ्यांना लागली, तेथून वरच्या छपरापर्यंत गेली, आणि जळते छप्पर वर्गात बसलेल्या लहान मुलांवर कोसळले. जिना अरुंद होता. ९४ मुले मृत्युमुखी पडली.

विज्ञानाच्या विद्यार्थ्याला कुंभकोणम हे नाव एरवी वेगळ्या कारणाने ठाऊक असते. श्रीनिवास रामानुजन याच गावात वाढले आणि येथल्याच टाउन हायस्कुलात शिकले. मराठी वाचकाला तर हा प्रदेश परका नाहीच. व्यंकोजीराजांपासून १८५५ पर्यंत तंजावरवर मराठ्यांचे राज्य होते आणि तंजावरी मराठी बोलणारी घराणी त्या भागात आजही आहेत. या लेखाच्या दृष्टीने मात्र कुंभकोणमची तिसरी ओळख महत्त्वाची आहे. हे पाण्याचे गाव आहे. उत्तरेला कावेरी, दक्षिणेला अरसलार, मध्ये महामहम तीर्थासह अनेक तलाव. अशा गावात, भर दिवसा, भर वस्तीत ९४ मुले आगीने गेली.

पाणी गावात असणे आणि ते आगीपर्यंत वेळेवर पोचणे या दोन अगदी भिन्न गोष्टी आहेत. आपल्या भाषेने हे फार पूर्वी ओळखले आहे. ‘आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी’ ही म्हण त्याच अंतराविषयी बोलते. हे अंतर मिटवण्यासाठी माणसाने जे साधन घडवले, ते म्हणजे रस्त्याकडेचा किंवा इमारतीतला हायड्रंट. त्याच्या इतिहासाचा पहिला अर्धा भाग, म्हणजे शोध आणि उभारणी, सहज सांगितला जातो. दुसरा अर्धा भाग, म्हणजे तो मोकळा, दिसेल असा आणि चालू अवस्थेत ठेवणे, बहुधा सांगितलाच जात नाही. प्रत्यक्षात माणसे वाचतात ती या दुसऱ्या भागामुळे.

सात वर्षे, चार आगी, एकच छप्पर

कुंभकोणमची आग अचानक उद्भवली असे म्हणता येत नाही. ७ जून १९९७ रोजी, तेथून सुमारे ४० किलोमीटरवर, तंजावरच्या बृहदीश्वर मंदिरात कुंभाभिषेकासाठी उभारलेल्या यज्ञमंडपाला आग लागली आणि ४८ जण दगावले. ६ ऑगस्ट २००१ रोजी रामनाथपुरम जिल्ह्यातील एरवाडी येथे मनोरुग्णांना साखळदंडांनी बांधून ठेवलेली झावळ्यांची शेड जळाली; २८ जण गेले. रामेश्वर याच जिल्ह्यात आहे. २३ जानेवारी २००४ रोजी श्रीरंगम येथील मंगल कार्यालयात लग्नाच्या मांडवाने पेट घेतला. नवरदेवासह ५० हून अधिक जण मृत्यू पावले. त्यानंतर सहा महिन्यांच्या आत कुंभकोणम घडले.

मंदिर, रुग्णांची शेड, लग्नमंडप, शाळा. स्थळे वेगवेगळी होती, कारणे वेगवेगळी होती; समान होते ते वाळलेले छप्पर आणि बाहेर पडण्याची अपुरी वाट. प्रत्येक घटनेनंतर शोक झाला, मदत जाहीर झाली आणि त्या त्या ठिकाणचा प्रश्न त्या त्या ठिकाणापुरता मानला गेला. मंदिराच्या आगीचा धडा शाळेला लागू होतो, हे शाळा जळेपर्यंत कोणाच्या ध्यानात आले नाही.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवली पाहिजे. शाळेच्या दारात उत्तम हायड्रंट असता तर ही मुले नक्की वाचली असती, असे म्हणता येणार नाही. वाळलेली झावळी इतक्या वेगाने जळते की बाहेरून मदत येण्याआधीच निकाल लागलेला असतो. आगीपासून बचाव ही एक साखळी आहे: न पेटणारे बांधकाम, मोकळा जिना, वेळीच इशारा, बंबाला येता येईल असा रस्ता आणि शेवटी पाणी. हायड्रंट ही या साखळीतली शेवटची कडी. पहिल्या कड्यांनी ज्यांना जिवंत ठेवले, त्यांनाच ती वाचवू शकते. कुंभकोणमला पहिल्याच कड्या तुटलेल्या होत्या. तरीही हायड्रंटचा विचार येथून सुरू करण्याचे कारण असे की, जिना अडवणारी आणि हायड्रंट गंजू देणारी प्रवृत्ती एकच आहे. सुरक्षेची व्यवस्था कागदावर आहे एवढ्यावर समाधान मानायचे आणि ती प्रत्यक्षात कशी आहे हे पाहायला कोणी जायचे नाही, ही ती प्रवृत्ती.

लाकडी बुचापासून नळखांबापर्यंत

इंग्लंडमध्ये जुन्या काळी पाण्याच्या मुख्य वाहिन्या लाकडाच्या असत. एल्मसारख्या झाडांचे ओंडके आतून कोरून ते एकमेकांत बसवीत. आग लागली की लोक रस्ता खणीत, ओंडक्याला भोक पाडीत आणि खड्ड्यात साठणारे पाणी बादल्यांनी किंवा हातपंपाने उचलीत. काम झाले की त्या भोकात लाकडी बूच ठोकून ती जागा लक्षात ठेवीत, म्हणजे पुढच्या वेळी पुन्हा खणताना शोधाशोध नको. इंग्रजीत हायड्रंटला ‘फायरप्लग’, म्हणजे आगीचे बूच, असे नाव पडले ते यामुळे. या साधनाच्या जन्मातच दोन प्रश्न होते: बूच कोठे आहे हे कळणार कसे, आणि ते वेळेवर उघडणार का?

एकोणिसाव्या शतकात लोखंडी वाहिन्या आल्या आणि १८४७ मध्ये ब्रिटिश संसदेने पाणीपुरवठ्याविषयी एक कायदा केला. अग्निसुरक्षेच्या इतिहासात तो लक्षात ठेवण्यासारखा आहे, कारण तो बुचे बसवा एवढे सांगून थांबला नाही. ती चालू अवस्थेत ठेवावीत, त्यांच्या किल्ल्या जेथे सार्वजनिक बंब असतो तेथे ठेवाव्यात आणि बूच कोठे आहे याची सूचना ठळकपणे लावावी, अशा तरतुदी त्यात होत्या. बसवणे, राखणे, दाखवणे आणि उघडण्याची सोय करणे ही चारही कर्तव्ये कायद्याने एकत्र गुंफली. आजही ब्रिटनमधल्या भिंतींवर पिवळ्या पाटीवर काळा ‘एच’ दिसतो. त्यातला वरचा आकडा वाहिनीचा व्यास सांगतो आणि खालचा आकडा पाटीपासून हायड्रंटचे अंतर. अंधारात, धुरात, अनोळखी गल्लीत आलेल्या जवानाला त्या दोन आकड्यांतून जे हवे ते कळते.

अमेरिकेत खांबासारखा उभा हायड्रंट फिलाडेल्फियात १८०१ च्या सुमारास आला. त्याचे श्रेय परंपरेने तेथील पाणीपुरवठा विभागाचे अभियंता फ्रेडरिक ग्राफ यांना दिले जाते, पण पुराव्याचा कागद मात्र उपलब्ध नाही. कारण १५ डिसेंबर १८३६ रोजी वॉशिंग्टनचे पेटंट कार्यालयच आगीत जळाले आणि सुमारे १०,००० पेटंटांच्या नोंदी नष्ट झाल्या. या आगीचा तपशील हायड्रंटच्या शोधापेक्षाही बोलका आहे. इमारतीलगत पंप होता, कातड्याची लांबलचक नळीही होती. ही सामग्री १८२० मध्ये घेतलेली होती. ती चालवणारे स्वयंसेवकांचे पथक मात्र पुढे विसर्जित झाले होते. आग लागली तेव्हा धावत आलेल्यांनी नळी उचलली, तर सोळा वर्षांत कुजलेले कातडे हातातच फाटले. साधन होते, खर्च झालेला होता, हिशोबात नोंद होती. कोणी वापरून पाहिले नव्हते, एवढेच.

जोड बसला नाही, नळ चालू राहिला

विसाव्या शतकाच्या आरंभी दोन आगींनी या प्रश्नाच्या आणखी दोन बाजू दाखवल्या.

७ फेब्रुवारी १९०४ रोजी बाल्टिमोर शहरात आग भडकली. वॉशिंग्टन, फिलाडेल्फिया, न्यूयॉर्क येथून बंब रेल्वेने आले. पण त्यांच्या नळ्यांचे जोड बाल्टिमोरच्या हायड्रंटना बसेनात. आटे वेगळे, व्यास वेगळे. पाणी समोर असताना मदतीला आलेले बंब हताश उभे राहिले. सुमारे ३० तासांत १,५०० हून अधिक इमारती जळाल्या. पुढे झालेल्या तपासणीत देशभरात नळीच्या जोडांचे ६०० हून अधिक प्रकार आढळले आणि मग राष्ट्रीय मानकाचा आग्रह सुरू झाला. आपल्याकडे भारतीय मानक आय.एस. ९०३ नुसार नळीच्या जोडाचा ६३ मिलिमीटर हा आकार रूढ आहे. तो आकडा कंटाळवाणा वाटतो खरा, परंतु शेजारच्या शहराचा बंब आपल्या गल्लीत उपयोगी पडतो तो त्या आकड्यामुळे.

१८ एप्रिल १९०६ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत भूकंप झाला. जमिनीखालच्या वाहिन्या फुटल्या, शहरभरचे हायड्रंट कोरडे पडले आणि भूकंपापाठोपाठ लागलेली आग दिवसेंदिवस पसरत राहिली. विसावा रस्ता आणि चर्च रस्ता यांच्या कोपऱ्यावरचा एक हायड्रंट मात्र चालू होता. त्याच्या पाण्यावर मिशन नावाचा भाग वाचवता आला. दरवर्षी भूकंपाच्या स्मृतिदिनी नागरिक तो हायड्रंट सोनेरी रंगाने रंगवतात. शहरातल्या शेकडो नळांपैकी चालू असलेल्या एकाची किंमत काय असते, हे त्या रंगाने लक्षात ठेवले आहे.

मुंबई : कायद्यातली जुनी ओळ

आता आपल्या घराकडे येऊ. फेब्रुवारी १८०३ मध्ये मुंबईच्या किल्ल्यात प्रचंड आग लागली आणि दाट बाजारपेठेचा मोठा भाग भस्मसात झाला. तेव्हा पाण्याचा आधार विहिरी आणि तलाव हाच होता. या आगीनंतर वस्ती किल्ल्याबाहेर उत्तरेला सरकली आणि आजच्या काळबादेवी-भुलेश्वर परिसराची दाटी वाढू लागली. १८६० मध्ये विहार तलावाचे पाणी नळाने शहरात आले आणि दाबाखालचे पाणी रस्त्यावर मिळण्याची शक्यता प्रथम निर्माण झाली. १८८८ च्या मुंबई महानगरपालिका अधिनियमाने अग्निशमन ही पालिकेची जबाबदारी ठरवली. हायड्रंट बसवणे व ते राखणे हे आयुक्तांचे कर्तव्य मानले गेले, आणि त्यांच्या जागा दाखवणाऱ्या खुणा जवळच्या भिंतींवर रंगवाव्यात असेही त्यात सांगितले. १८४७ च्या कायद्यातली दृष्टी अशी मुंबईच्या भिंतींपर्यंत पोचली.

१४ एप्रिल १९४४ ची दुपार. व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ या जहाजाच्या पोटात कापसाच्या गाठी आणि सुमारे १,४०० टन स्फोटके एकत्र होती. धूर दिसला, बंब आले, नळ्या जोडल्या गेल्या. गोदीत पाण्याला तोटा नव्हता. जहाजात ९०० टनांहून अधिक पाणी ओतले गेले. परंतु दाट धुरामुळे आगीचे नेमके मूळ सापडले नाही आणि पाणी तेथपर्यंत पोचले नाही. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला. अग्निशमन दलाच्या ६६ जवानांनी प्राण गमावले. शेकडो नागरिक मृत्यू पावले. त्यांच्या स्मरणार्थ १४ एप्रिल हा राष्ट्रीय अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो. समुद्राच्या काठावर घडलेली ही आगही तेच सांगते: पाण्याचा साठा मोजून सुरक्षा मोजता येत नाही.

९ मे २०१५ रोजी काळबादेवीच्या गोकुळ निवास या जुन्या इमारतीला आग लागली. अरुंद गल्ली, दाट बांधकाम आणि शेवटी कोसळलेली इमारत. मुंबई अग्निशमन दलाचे प्रमुख सुनील नेसरीकर आणि सुधीर अमीन, संजय राणे, महेंद्र देसाई असे चार ज्येष्ठ अधिकारी या आगीने नेले. शहराच्या अग्निशमन यंत्रणेचे सर्वोच्च ज्ञान ज्यांच्यापाशी होते, तीच माणसे एका गल्लीतल्या आगीत गेली. रस्त्यांवरचे बहुसंख्य जुने हायड्रंट निकामी असल्याच्या बातम्या मुंबईत गेली दोन दशके वारंवार येत आहेत. प्रत्यक्षात शहराची मदार टँकरवर आणि ठरावीक पाणी भरण्याच्या ठिकाणांवर असते. म्हणजेच भिंतीवर खूण रंगवण्याचे कर्तव्य कायद्यात राहिले आणि खुणेखालचे पाणी आटले.

नळ मरतो कसा : थोडे विज्ञान

हायड्रंट एका दिवसात निकामी होत नाही. त्याच्या मरण्याचे टप्पे समजून घेतले तर देखभाल म्हणजे काय ते आपोआप कळते.

प्रथम दाब. पाण्याचा १० मीटर उंचीचा स्तंभ सुमारे १ बार दाब देतो. टाकीची उंची किंवा पंपाची शक्ती वाहिनीत दाब निर्माण करते आणि वाहताना घर्षणामुळे तो घटतो. ठरावीक प्रवाहासाठी हा घट वाहिनीच्या व्यासाच्या पाचव्या घाताच्या व्यस्त प्रमाणात असतो. याचा अर्थ गंभीर आहे. १५० मिलिमीटरच्या वाहिनीत गंजाचे थर साचून मोकळी वाट १२० मिलिमीटर उरली, तर व्यास पाचव्या हिश्शाने कमी झाला असे आपण म्हणू. पण तेवढेच पाणी वाहून नेताना दाबाचा ऱ्हास सुमारे तिप्पट होतो. गंजाने वाहिनी खडबडीत होते, त्यामुळे प्रत्यक्ष स्थिती याहूनही वाईट असते. नळ उघडला तर पाणी येते, म्हणून पाहणाऱ्याला तो चालू वाटतो. आगीवर फेकण्याइतके पाणी येते का, हे मोजल्याखेरीज कळत नाही. म्हणून अमेरिकेत हायड्रंटचा प्रवाह मोजून त्याच्या टोपीला रंग देण्याची पद्धत सुचवलेली आहे: मिनिटाला सुमारे ५,७०० लिटर किंवा अधिक देणारा फिकट निळा, त्याखाली हिरवा, मग नारिंगी आणि सर्वांत कमजोर तो लाल.

दुसरी गोष्ट खंडित पुरवठ्याची. आपल्या बहुतेक शहरांत पाणी दिवसातून काही तासच येते. ज्या वाहिनीवर हायड्रंट आहे ती उरलेल्या वेळी रिकामी असेल, तर आगीने पालिकेच्या वेळापत्रकानुसार लागावे अशी अपेक्षा ठेवावी लागेल. अग्निशमनासाठी राखीव साठा आणि स्वतंत्र पंप लागतात ते याकरिता.

तिसरी गोष्ट न वापरण्याची. वर्षानुवर्षे न फिरवलेला व्हॉल्व्ह जागीच आवळून बसतो, रबराचा वायसर कडक होतो, वाहिनीच्या टोकाला गाळ साचतो. पितळी टोप्या आणि तोट्या चोरीला जातात. रस्त्यावर डांबराचा नवा थर येतो आणि जमिनीतला हायड्रंट त्याखाली गाडला जातो. त्यावर टपरी उभी राहते, कचरापेटी येते, गाडी लागते. हायड्रंट अडेल अशा रीतीने वाहन उभे करण्यास १९८९ च्या वाहतूक नियमांपासून आपल्या देशात मनाई आहे. परंतु जो हायड्रंट दिसतच नाही, तो अडवला हे चालकाला कळणार तरी कसे? १८४७ मध्ये खुणेची पाटी कायद्यात का घातली, याचे उत्तर या प्रश्नात आहे.

आता वेळेचे गणित. बंबाच्या टाकीत ४,५०० लिटर पाणी आहे आणि एका नळीतून मिनिटाला ४५० लिटर फेकले जात आहे असे धरू. टाकी १० मिनिटांत रिकामी होते. दोन नळ्या लावल्या तर ५ मिनिटांत. एक लिटर पाणी तापून त्याची वाफ होताना सुमारे २.६ मेगाज्यूल उष्णता शोषते, तर एक किलो वाळलेला पालापाचोळा जळताना साधारण १५ मेगाज्यूल देतो. म्हणजे एक टन झावळ्यांची संपूर्ण उष्णता शोषायची तर आदर्श स्थितीतही सुमारे ६,००० लिटर पाणी लागेल. प्रत्यक्षात सगळी उष्णता शोषावी लागत नाही, इंधन थंड केले तरी पुरते. पण फेकलेल्या पाण्यातला मोठा भाग वायाही जातो. निष्कर्ष एवढाच की, बंब स्वतःबरोबर आणतो ते पाणी लढाई सुरू करण्यापुरते असते. पहिल्या दहा मिनिटांत हायड्रंटशी जोड झाला नाही, तर जवानांना रिकामी नळी हातात धरून दुसऱ्या टँकरची वाट पाहावी लागते.

प्रमाणपत्र आणि पाणी

कुंभकोणमनंतर न्यायमूर्ती के. संपत यांच्या चौकशी आयोगाने घटनेचा तपास केला. तमिळनाडू सरकारने शाळांवरील झावळ्यांची छपरे काढण्याचे आदेश दिले. खटला दहा वर्षे चालला. जुलै २०१४ मध्ये तंजावरच्या न्यायालयाने शाळेच्या संस्थापकासह १० जणांना दोषी ठरवले आणि ११ जणांना निर्दोष सोडले. दोषींमध्ये शिक्षण खात्याचे अधिकारीही होते. २०१७ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने त्यांपैकी काहींना मुक्त केले आणि संस्थापकाची शिक्षा कमी केली. कोणाची शिक्षा योग्य होती हा कायद्याचा प्रश्न झाला. इतिहासाच्या दृष्टीने लक्षणीय बाब अशी की, आग लावणारा कोणी नव्हता, तरी आरोपी अनेक होते. कोणी छप्पर घातले, कोणी पाहणी न करता मान्यता दिली, कोणी डोळेझाक केली. ९४ मृत्यूंचे कारण अशा लहान लहान स्वाक्षऱ्यांमध्ये विखुरलेले होते.

याच आगीनंतर दाखल झालेल्या जनहित याचिकेवर, अविनाश मेहरोत्रा विरुद्ध भारत सरकार या प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयाने १३ एप्रिल २००९ रोजी निर्णय दिला. शिक्षणाच्या अधिकारात सुरक्षित शाळेचा अधिकार अंतर्भूत आहे, असे न्यायालयाने म्हटले आणि शाळांना राष्ट्रीय इमारत संहितेचे पालन, अग्निशमन साधने व कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण याविषयी निर्देश दिले. महाराष्ट्रात आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम २००६ चा आहे. त्यानुसार इमारतीतील अग्निसुरक्षेची व्यवस्था सुस्थितीत राखणे ही मालकाची किंवा भोगवटादाराची जबाबदारी आहे आणि परवानाधारक संस्थेकडून तपासणी करून दर सहा महिन्यांनी, जानेवारीत व जुलैत, प्रमाणपत्र सादर करावे लागते. बाह्य हायड्रंट व्यवस्थेविषयीच्या भारतीय मानकाच्या, आय.एस. १३०३९ च्या, शीर्षकातच ‘तरतूद’ आणि ‘देखभाल’ हे दोन्ही शब्द शेजारी शेजारी आहेत.

नियमांची उणीव आपल्याकडे नाही. उणीव आहे ती प्रमाणपत्र आणि पाणी यांच्यातील तफावत मोजण्याची. वॉशिंग्टनची कातडी नळीही हिशोबाच्या वहीत ‘उपलब्ध’ अशीच नोंदलेली असणार. व्हॉल्व्ह फिरवल्याशिवाय, पाणी सोडल्याशिवाय, दाब मोजल्याशिवाय केलेली प्रत्येक नोंद ही त्या नळीची नवी आवृत्ती आहे. गणितात सिद्धता मांडल्याशिवाय विधान मान्य होत नाही, प्रयोगशाळेत मापन केल्याशिवाय निष्कर्ष लिहीत नाहीत. सुरक्षेच्या कागदपत्रांना हीच शिस्त लावण्यात अवघड काही नाही.

विद्यार्थ्यांना यात करण्यासारखे पुष्कळ आहे आणि त्यासाठी कोणाच्या परवानगीचा मोठा खटाटोप लागत नाही. आपल्या शाळेत, महाविद्यालयात, वसतिगृहात किंवा राहत्या इमारतीत हायड्रंटची लाल पेटी कोठे आहे ते पाहावे. तिच्यापुढे बाके, सायकली, जुने सामान रचलेले आहे का? पेटीत नळी आणि नोझल आहे का, की पेटी झाडू ठेवण्याच्या कामी आली आहे? व्हॉल्व्हला चाक आहे का? शेवटची चाचणी कोणत्या तारखेला झाली, तेव्हा दाब किती भरला, आणि ती नोंद कोणाकडे आहे? व्हॉल्व्ह आपण स्वतः फिरवू नये. ते प्रशिक्षित माणसाचे काम आहे. प्रश्न मात्र लेखी विचारावा आणि उत्तरही लेखी मागावे. अग्निशमन सेवा सप्ताहात, १४ ते २० एप्रिल या काळात, अग्निशमन दलाकडून प्रात्यक्षिके होतात. त्या निमित्ताने आपल्या आवारातला हायड्रंट प्रत्यक्ष उघडून दाखवण्याची विनंती करता येते. पाणी आले नाही, तर ते प्रात्यक्षिक वाया गेले असे समजू नये. सर्वांत उपयुक्त प्रात्यक्षिक तेच.

आपल्याकडे तहान लागल्यावर विहीर खणणाऱ्याला हसतात. विहीर आधीच खणून तिच्यावर झाकण ठेवणारा, झाकणावर सामान रचणारा आणि पोहरा कोठे आहे हे विसरून जाणारा मनुष्य मात्र आपल्या म्हणींमधून सुटला आहे. कुंभकोणमच्या त्या शाळेतली जी मुले वाचली, ती आज तिशीच्या आसपास असतील. त्यांतल्या अनेकांची मुले आता शाळेत जात असतील. त्या मुलांच्या शाळेचा जिना मोकळा आहे का आणि नळाला पाणी आहे का, हे दर जानेवारीत आणि दर जुलैत कोणीतरी हाताने तपासून पाहिले पाहिजे.